संकेश्वरी मिरचीची रोपं उगवून दोन दिवसांत कोलमडतायत, काय चुकतंय?

गच्ची_विश्रामबाग
नमस्कार मंडळी. सांगलीत राहते, गच्ची बऱ्यापैकी मोठी आहे. आमच्याकडं वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरीच होतो आणि सासूबाई म्हणतात संकेश्वरीशिवाय त्याला चव नाही, म्हणून यंदा डोक्यात आलं थोडी मिरची आपणच लावू. गेल्या उन्हाळ्यात मसाल्याला आणलेल्या वाळक्या मिरच्यांतलंच बी काढलं, संक्रांत झाल्यावर कुंडीत जुनीच काळी माती भरून मूठभर बी पसरलं, वर बोटभर माती आणि रोज दोन वेळा पाणी, थंडी म्हणून कुंडी जिन्यातल्या खिडकीपाशी ठेवली. १८ दिवस काहीच नाही. मग एकदम वीस-बावीस रोपं वर आली, घरातल्या सगळ्यांना नेऊन दाखवली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर निम्मी आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला टेकतं तिथं देठ पाणी लागल्यासारखं आणि दोऱ्याएवढं बारीक. बाकीची लांबच लांब होऊन खिडकीकडं वाकलीत. परत बी टाकायचंय, पहिल्यापासून नीट सांगा कुणीतरी, फार जीव लावला होता ओ.

रोपवाटिका_तासगाव
ताई, देठ बुडाला बारीक होऊन पडतंय म्हणजे मर लागलीय, आम्ही रोपं कोलमडणं म्हणतो. मातीतली बुरशी असते, पिथियम बहुतेक, आणि तिला काय पाहिजे तर ओल, दाटी आणि कोंदट जागा, तुमच्या कुंडीत तिन्ही आयतं मिळालं. पडलेली रोपं आसपासच्या मातीसकट काढून टाका, पाणी आज बंदच करा. उभी आहेत त्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओततात, प्रमाण पुडीवर असतं ते बघून, पण खरं सांगायचं तर कुंडी सोडून द्या आणि नव्यानं सुरू करा.
नर्सरीत आम्ही माती वापरतच नाही. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याची, वीट आणा, भिजवून दोन-तीन पाण्यानं धुवा, त्यात क्षार असतात. मग मुठीत दाबून बघा, गोळा व्हायला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. रानात वाफसा म्हणतो ना आपण, तोच वाफसा पेल्यात पाहिजे. प्रोट्रे, म्हणजे रोपांचा खणाखणांचा ट्रे, नसला तर चहाचे कागदी कप चालतात, बुडाला भोकं पाडायची, एका कपात एकच बी, खोली अर्धा सेंटिमीटर. बोटभर माती मिरचीच्या बियाला फार होते, वर येईपर्यंतच दमतं ते.

कराडची_कृष्णाकाठी
तासगावकर दादा बरोबर सांगतायत, पण त्याआधी बी जिवंत किती ते बघा की. वाळकी मिरची किती जुनी, कुठल्या उन्हात वाळली, काय माहीत. आमची आजी धोतराच्या फडक्यात बी बांधून ओलं करून चुलीच्या भिंतीला टांगायची. मी आता तेच टिश्यू पेपरवर करते, मोजून २० बिया, पेपर ओला करून पिळायचा, बिया ठेवून दुमडायचा आणि झाकणाच्या डब्यात. मिरचीला २५ ते ३० डिग्री ऊब लागते, रात्री थंडी पडली की नुसतं झोपून राहतं, म्हणून डबा फ्रिजच्या वर ठेवते, तिथं मागून गरम लागतं. रोज झाकण उघडून वारा द्यायचा. आठ-दहा दिवसांत पांढरा मोड येतो. तो तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढा झाला की उचला, जास्त वाढू दिला तर कागदात घुसतो आणि काढताना तुटतो. तुटला की गेलं ते बी.
आणि पाण्यात तरंगलं ते बी फोल असं कुणी सांगितलं तर मिरचीला ते धरू नका, चांगलं वाळलेलं बी हलकं असतं, तरंगतंच.

वाईचा_मळा
मला फडक्याची भानगड पटत नाही. मोड हाताळताना मोडतातच, त्यापेक्षा सरळ कपात दोन-दोन बिया टाका आणि कमजोर रोप कात्रीनं कापा, उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. लांब झालेल्या रोपांचं कारण उजेड. उगवलं त्याच दिवशी गच्चीवर सकाळच्या उन्हात न्या, खिडकी कामाची नाही.

गच्ची_विश्रामबाग
सगळ्यांचे आभार. एकच विचारते, नदीकाठचा पोयटा, म्हणजे गाळाची माती, मिळतोय आम्हाला, तो कोकोपीटात मिसळू का? आणि खत कधी?

रोपवाटिका_तासगाव
पोयटा मोठ्या कुंडीसाठी ठेवा, रोपाला नको, पाण्यानं बसतो आणि हवा बंद होते. पहिली दोन गुळगुळीत पानं येतात ती बीदलं, तोवर बियातलंच अन्न पुरतं. खरी पानं फुटली की चमचाभर गांडूळखत, त्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी, मिसळला तर उत्तम, फक्त कॉपर मारलेल्या मातीत तो टाकू नका, मरतो. कपावर मच्छरदाणीचं कापड टाका, पांढरी माशी बसली की बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळायचा रोग, येतो आणि मग त्या रोपाचं काही होत नाही. ४० दिवसांच्या आसपास कुंडीत लावा, संध्याकाळी, आणि उचलताना पानाला धरा, देठाला नाही.

गच्ची_विश्रामबाग
कळवायचं राहिलं होतं. २० पैकी ११ बियांना मोड आले, पहिला सातव्या दिवशी. सासूबाईंनी भुवया उपटायच्या चिमट्यानं एकेक उचलून कपात ठेवलं, मला हात लावू दिला नाही. आज नऊ रोपं उभी आहेत, दोन वर आलीच नाहीत. पाणी आता कप उचलून बघते, हलका लागला तरच. काल एकाला तिसरं पान दिसलं, कडेला बारीक लव आहे त्याच्या.