मदत हवी आहे: ब्रेड मशीनमधल्या ब्रेडचे सारखे काप कसे करायचे?

चव उत्तम, पण कापताना पार वाट लागते. सुरी दाबली की मधला भाग चेपतो आणि काप पाचरीसारखा निघतो, वर जाड, खाली कागदासारखा. तळाला मशीनच्या पीठ मळणाऱ्या पात्याचं भोक असतं ते वेगळंच!

जाळीवर 2 तास पूर्ण गार करते. दातेरी सुरी आहे, नवीच. ब्रेड आडवा ठेवून कापला तर जरा बरं, पण कडेचं कडक साल फाटतं. प्रमाण: 500 ग्रॅम पीठ (निम्मा मैदा, निम्मी कणीक), 350 मिली पाणी. ओट्यावर जागा नाही, त्यामुळे इलेक्ट्रिक स्लायसर नको.

टोस्टरसाठी 12 मिमीचे काप हवेत. खाचा असलेला लाकडी साचा मशीनच्या उंच ब्रेडला पुरतो का? की आधी पाणीच कमी करून बघू?