जपानची शालेय सहल : तिथल्या कुटुंबातील मुक्काम वगळावा का?

सोमलवाड्यातील पालक
माझी मुलगी नागपूरच्या एका शाळेत नववीत आहे. शाळेने उन्हाळ्याच्या सुटीत जपानची अभ्यास सहल आखली असून टोकियो, क्योटो आणि हिरोशिमा पाहून झाल्यावर शेवटचे काही दिवस दोन-दोन मुलींना एकेका जपानी कुटुंबात राहायचे आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, घरात अंडेही येत नाही, आणि मुलीचे जपानी चार वाक्यांपलीकडे जात नाही. तेवढे दिवस तिला शिक्षकांसोबत हॉटेलातच ठेवावे, असा सासूबाईंचा आग्रह आहे आणि शाळेचीही त्याला हरकत नाही. हा मुक्काम खरोखर आवश्यक आहे का, आणि असल्यास शाळेला आत्ताच काय विचारून ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जपानी भाषेच्या शिक्षिका, धरमपेठ
ताई, वगळायचेच असेल तर एखादे शहर वगळा, पण हा मुक्काम वगळू नका. क्योटोची देवळे ती पुढे तुमच्याबरोबरही पाहू शकेल. जपानी घरात शाळकरी मूल म्हणून राहण्याची संधी मात्र याच वयात मिळते.

आहाराचा प्रश्न खरा आहे आणि तो ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे कळवून सुटत नाही. तिथल्या रोजच्या स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे पाणी असते आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात. त्यामुळे वरून निव्वळ तोफू आणि भाज्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही मासा असतो, आणि यजमानांना त्यात काही वावगे वाटत नाही. मुले आवडीने खातील म्हणून हमखास केल्या जाणाऱ्या करी-राइसच्या तयार वड्यांमध्येही पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते. म्हणून मांस, मासे, माशाचे पाणी, अंडी, चरबी आणि जिलेटिन यांतले काय चालत नाही, याची जपानी भाषेतील यादी शाळेमार्फत कुटुंबाकडे आधीच पोहोचवा. कोम्बू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंब्यांची दाशी पूर्ण शाकाहारी असते आणि ती करणे कोणत्याही जपानी गृहिणीला अवघड नाही. फक्त तिला वेळेवर कळले पाहिजे.

मुलगा जाऊन आलेले पालक, मनीषनगर
शिक्षिकाबाईंशी सहमत. कुटुंबाची निवड आणि पडताळणी कोण करते, घरात कोण कोण आहे, मुली एकाच खोलीत झोपतील का आणि रात्री गरज पडल्यास जवळचे शिक्षक किती वेळात पोहोचतील, हे शाळेकडून लेखी घ्या. या प्रश्नांची उत्तरे टाळली गेली, तरच सासूबाईंचे म्हणणे मान्य करा.

मुलीला स्नानाची पद्धत आधी समजावून सांगा. अंग टबाबाहेर साबणाने स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्यात बसायचे असते, आणि तेच पाणी नंतर घरातील इतरांसाठी असल्यामुळे ते सोडून द्यायचे नसते. पाहुण्याला बहुधा पहिला मान मिळतो, त्यामुळे याच ठिकाणी मुलांची गडबड होते.

भाषेची चिंता करू नका, फोनची करा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. आपण संध्याकाळी साडेपाचला चहा घेताना तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. आमच्या गटातील काही पालक नेमके जेवणाच्या वेळी तासतासभर व्हिडिओ कॉल करत आणि यजमान मंडळी ताटकळत बसत. दिवसातून एक छोटा संदेश पुरे आहे.

प्रवास कागदपत्रे पाहणारा, सीताबर्डी
तारखा तपासून घ्या. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये ‘गोल्डन वीक’च्या सुट्या असतात, गर्दी आणि दर दोन्ही वाढतात, शाळाही बऱ्याच अंशी बंद असतात. त्यानंतरचे मेचे आठवडे उत्तम, कारण तिथले शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालेले असते आणि यजमानांच्या मुलांबरोबर वर्गात बसण्याची शक्यता राहते. आपल्याकडे विदर्भात तेव्हा शाळा बंदच असतात.

औषधांबाबत विशेष काळजी घ्या. दहा टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे जपानमध्ये नेण्यास मनाई आहे आणि कोडीनवरही निर्बंध आहेत. घरातील औषधांचा डबा तसाच बॅगेत भरू नका. डॉक्टरांना घटक विचारून चिठ्ठीसह मोजकीच औषधे द्या.

सोमलवाड्यातील पालक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आहाराची यादी आणि कुटुंबाविषयीचे प्रश्न सोमवारी शाळेला देते. सासूबाई आता निदान ऐकून घेत आहेत, पण यजमानांसाठी संत्र्यांची पेटी पाठवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. ते चालेल का?

जपानी भाषेच्या शिक्षिका, धरमपेठ
ताजी फळे नेऊ नका. रोपसंरक्षण प्रमाणपत्राशिवाय ती विमानतळावरच काढून घेतली जातात, आणि मे महिन्यात चांगली संत्री मिळणार तरी कुठून! भंडाऱ्याच्या कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, रुमाल द्या. वजनाला हलके असतात, आणि भेट फार महागडी असली की परतफेडीची काळजी यजमानांनाच लागते.