‘यूजर स्पेस’ला मराठीत काय म्हणाल?

माळावरचा: एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. विषय फ्यूज, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामला) हात न लावता फाइल सिस्टिम लिहायची सोय. ‘यूजर स्पेस’ला, म्हणजे कर्नल सोडून बाकीचे प्रोग्राम चालतात त्या भागाला, ‘वापरकर्ता अवकाश’ लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, हे इस्रोचं वाटतंय. ‘माउंट’लाही, म्हणजे फाइल सिस्टिम एखाद्या फोल्डरला जोडण्यालाही, अडलोय. ‘आरोहित करा’ माझंच मला वाचवत नाही.

तिरपागडे: बाईंचं बरोबर आहे. आमच्या घरी अवकाश म्हणजे सवड. “लग्नाला अजून अवकाश आहे.” ‘क्षेत्र’ करा.

जुनीखोड: अहो, मुळात ‘वापरकर्ता’च चुकतोय. तिथला यूजर म्हणजे माणूस नव्हे. रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, चालवलेला प्रोग्रामही यूजर स्पेसमध्येच असतो. एसएसएचएफएस घ्या, दुसऱ्या मशीनवरच्या फाइली आपल्याकडे दाखवणारं फ्यूजवरचं. त्याच्या फोल्डरात ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवायची आज्ञा) मारलं की मागणी आधी कर्नलकडे जाते, तो ती बाहेरच्या एका साध्या प्रोग्रामकडे सरकवतो, उत्तर त्याच वाटेने परत. तो प्रोग्राम मेला तर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ एवढंच दिसतं, मशीन चालूच. सरळ ‘कर्नलबाहेर’ म्हणा.

तिरपागडे: ‘कर्नलबाहेर’ वाचून लष्करातला साहेब डोळ्यांसमोर आला. ‘गाभा’ आहे की!

वरणफळ: कर्नल म्हणजे बी फोडल्यावर निघतो तो मगज. ‘मगजाबाहेर’ करा, बरेच प्रोग्राम तिथूनच लिहिलेले असतात. पण गंमत बघा, लिनक्समध्ये फ्यूजचा कर्नलमधला भाग २००५ पासून, २.६.१४ मध्ये आला. विंडोजवर अशाच सोयीची विनएफएसपी किंवा डोकनी घ्या, त्यांचाही ड्रायव्हर आतच बसतो. मॅकवरचं फ्यूज-टी कर्नल एक्स्टेन्शन (कर्नलमध्ये घालायचा जोडभाग) टाळायला चक्क एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारा, असल्याचं सोंग घेतं. मग ‘बाहेर’ नक्की किती बाहेर? आणि ग्नू हर्ड नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशा प्रोग्रामला ‘ट्रान्सलेटर’ म्हणतात. तुमचेच भाऊबंद!

साधाभात: यूजर स्पेसच ठेवा. एरर आली की शोधायला तोच शब्द लागणार. ‘मगजाबाहेर’ शोधून काय मिळेल?

जुनीखोड: मग सगळी पुस्तिकाच इंग्रजीत राहू द्या ना. माउंटला ‘चढवणे’ आहेच. आमच्या कम्प्युटर रूममध्ये “टेप चढवली का?” असंच विचारायचे.

तिरपागडे: आमच्याकडे टेप ‘लावायचे’. चढवतात ते खोगीर, नाहीतर आवाज.

जुनीखोड: आणि चष्मा? चूल, आधण, भाव?

तिरपागडे: चष्मा लावतात हो!

वरणफळ: कोकणात ‘घालतात’.

माळावरचा: आणि फाइल सिस्टिम?

जुनीखोड: थांबा हो. चष्मा कोकणात नक्की कुठे घालतात? माझं आजोळ राजापूरचं, मी नाही ऐकलं.