मदत हवी आहे: ११ किलोमीटरची लिंक, साठ घरं, चार लाख बजेट. रेडिओ कुठले घेऊ?

खाडीवरचा केबलवाला

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

दापोलीत आमचा केबल टीव्हीचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. निम्मी गिऱ्हाइकं डिशने खाल्ली, उरलेली मोबाइलने. म्हणून गेल्या वर्षी एका लायसन्सवाल्या आयएसपीची (इंटरनेट कंपनीची) फ्रँचायझी घेतली. त्यांचा फायबर माझ्या ऑफिसपर्यंत आलाय, २०० एमबीपीएस, वाढवून मिळतं. आता हेच नेट आमच्या मूळ गावात न्यायचंय. हवाई अंतर ११ किमी, मध्ये दोन दऱ्या. रस्त्याने फायबर ओढायचा तर तिप्पट लांबी आणि अर्धी वाट जंगलातून, म्हणून वायरलेस.

गावात तीन वाड्या, साठ घरांनी नावं दिलीत. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चुलत्यांची जागा आहे, तिथे १२ मीटरचा पाइप उभा करीन म्हणतो. तिथून वरची वाडी ८०० मीटर, मधली दीड किमी, खाडीकाठची अडीच.

एका पुरवठादाराचं कोटेशन आलंय. दापोली ते सडा ६० गिगाहर्ट्झच्या दोन डिश ("गिगाबिट मिळेल साहेब"), सड्यावर चार सेक्टर (चार दिशांना सिग्नल पसरवणारे अँटेना), घरोघरी मिळून साठ रेडिओ. एकूण साडेसहा लाख. माझ्याकडे चार आहेत.

आणि एक. मे महिन्यात मी स्वतः दोन स्वस्तातले रेडिओ लावून बघितले होते. नऊ दिवस झकास चाललं. दहाव्या दिवशी वळीव आला आणि सड्यावरचा रेडिओ, स्विच आणि चुलत्यांचा टीव्ही, तिन्ही गेले. केबलचं टोक स्विचच्या पोर्टला वितळून चिकटलं होतं, पकडीने ओढलं तेव्हा पोर्टच बाहेर आलं. काकी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

तर प्रश्न: युबिक्विटी, केंबियम की मायक्रोटिक? पावसात टिकेल का? आणि लाइट गेली की दीड-दीड दिवस येत नाही, त्याचं काय करू?

टॉवरवाला_सांगली

दादा, पहिलं काम म्हणजे ते कोटेशन फाडा.

६० गिगाहर्ट्झला हवेतला ऑक्सिजनच सिग्नल पितो, किलोमीटरमागे साधारण १५ डीबी (डीबी म्हणजे सिग्नलच्या चढ-उताराचं माप). ११ किलोमीटरला १६५ डीबी नुसत्या हवेत गेले, पाऊस वेगळाच. ते रेडिओ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उत्तम. शिवाय आपल्याकडे तो पट्टा मोकळा आहे असं धरून चालू नका. ५ गिगाहर्ट्झचं तसं नाही. २०१८च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झालंय. फक्त माल डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेचं) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, असलेला घ्या, ग्रे मार्केटचा नको.

आता ५.८ गिगाहर्ट्झचं गणित करू. ११ किमीला मोकळ्या हवेतला लॉस १२८.५ डीबी. ईआयआरपीची, म्हणजे रेडिओची पॉवर आणि डिशचा जोर मिळून बाहेर पडणाऱ्या ताकदीची, मर्यादा ३६ डीबीएम, समोर ३० डीबीआय जोराची डिश. म्हणजे ३६ वजा १२८.५ अधिक ३०, मिळाले उणे ६२.५ डीबीएम. ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर दोन्ही दिशा मिळून दीडशे-दोनशे एमबीपीएस निघतील. तिकडे हवेत गर्दी नसेल तर ८० मेगाहर्ट्झ लावा, वाढेल. माझ्या आलेखात रात्री साडेनऊला घरटी सरासरी अडीच एमबीपीएस दिसते. साठ घरांचे झाले दीडशे, सध्या पुरतंय.

डिश मोठी घ्या आणि पॉवर कमी करा. लोक उलटं करतात. ३० डीबीआयच्या डिशला ६ डीबीएम पॉवर दिली की मर्यादा गाठलीच, उरलेला फायदा ऐकण्यात मिळतो.

ब्रँडचं म्हणाल तर ५ गिगाहर्ट्झच्या पॉइंट-टू-पॉइंटला तिन्ही चालतात. ज्याचा स्पेअर दापोली-चिपळूणमध्ये दुसऱ्या दिवशी हातात येतो तो घ्या आणि एक जादा आणून ठेवा. मात्र त्याआधी सांगा, सड्यावरून दापोली दिसते का? गूगल अर्थवर नको. डोळ्यांनी.

बघे_पुणेकर

सॅटेलाइट इंटरनेट येतंय की. कशाला एवढा खटाटोप?

खाडीवरचा केबलवाला

@बघे_पुणेकर साहेब, आमच्याकडे एसटीसुद्धा "येतेय"च असते.

@टॉवरवाला, दिसते असं वाटतं. स्वच्छ दिवशी ऑफिसशेजारचा मोबाइल टॉवर ओळखू येतो.

टॉवरवाला_सांगली

"वाटतं"वर पैसे घालू नका. आरसा घ्या, न्हाव्याकडे असतो तेवढा. ऊन असताना एक माणूस तिकडे, एक इकडे, दोघांच्या हातात आरसे आणि कानाला फोन. चमक आली की दिसतंय.

पण दिसलं म्हणजे काम झालं असंही नाही. रेडिओची वाट दोरीसारखी बारीक नसते, मध्ये फुगलेली असते, तोंडल्यासारखी. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. तुमच्या ११ किमीला मधोमध त्याची त्रिज्या जवळपास १२ मीटर येते, त्यातली ६० टक्के तरी मोकळी हवी. म्हणजे सरळ रेषेच्या खाली ७ मीटर फांदी नको. एप्रिलमध्ये चालणारी लिंक ऑगस्टमध्ये का मरते? ५ गिगाहर्ट्झला पावसाचा फटका कमी, ओल्या पानांचा फार.

कुडाळची ओएलटी

दादा, मी सिंधुदुर्गात सात वर्षं हेच करते. टॉवरवाल्यांचं बॅकहॉलचं (दापोली ते सडा या मुख्य लिंकचं) सगळं पटलं. पण चार सेक्टर आणि साठ रेडिओ या भागाकडे कोणी बघितलंच नाही.

तुमच्या वाड्यांत घरं कुठे आहेत? आंब्या-फणसाखालीच ना? सड्यावरून तुम्हाला कौलं दिसणार नाहीत, हिरवं दिसेल. ज्या घराला सिग्नल लागत नाही तिथे माडावर रेडिओ बांधायचा, मग वाऱ्यात माड हलला की नेट हलणार. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. रोजचे सहा फोन.

वायरलेस फक्त दापोली ते सडा ठेवा. सड्यावर चार पोर्टची छोटी जीपॉन ओएलटी (एका फायबरवरून अनेक घरांना नेट वाटणारी पेटी) बसवा आणि वाड्यांत फायबर उतरवा. तिच्या पोर्टमधल्या बी प्लस प्रकारच्या मॉड्यूलला २८ डीबीचं बजेट असतं, म्हणजे वाटेत तेवढा प्रकाश घटला तरी चालतं. आधी एकास आठ, पुढे एकास आठ असे स्प्लिटर (एका फायबरचे आठ करणारे) लावले तर त्यात २१ डीबीपर्यंत जातात, अडीच किलोमीटर फायबरला एक डीबीसुद्धा लागत नाही. एका पोर्टवर ६४ घरं बसतात, तरी दोन पोर्टांत वाटा, स्प्लाइस (फायबरचा जोड) चुकली तर जागा राहते. वाटेतल्या स्प्लिटरला लाइटच लागत नाही. आणि केबल टीव्हीमुळे वायर ओढणारी पोरं तुमच्याकडे आहेतच, निम्मं काम तिथेच झालं.

केबल मेसेंजर वायरवाली (आधाराची पोलादी तार असलेली) घ्या. वानरं तिच्यावर झोके घेतात, गंमत करत नाहीये मी. महावितरणच्या खांबांवर परवानगीशिवाय टाकू नका, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आधी घ्या.

तुमच्या काकींच्या टीव्हीचं उत्तरही यातच आहे. पाइपवरून तांब्याची केबल सरळ घरात गेली, तिच्यामागून वीज गेली. घरात फक्त फायबर गेला, मेसेंजरची तार बाहेरच राहिली, तर विजेला ती वाट राहत नाही.

आयपी_अण्णा

एक विचारायचं राहिलंय. नॅट (अनेक घरांना एकाच आयपी पत्त्यामागून बाहेर नेणं) तुमच्या राउटरवर होणार की वरच्या आयएसपीकडे? तुमच्याकडे असेल तर लॉग, म्हणजे कोण कधी जोडलेलं होतं याच्या नोंदी, ठेवावे लागतील. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर लायसन्समध्ये मुदत दोन वर्षांची आहे. पोलीस विचारायला आले तर "सगळे एकाच आयपीवर होते" हे उत्तर चालत नाही. जमलं तर ते त्यांच्याच गळ्यात ठेवा आणि करारात लिहून घ्या.

राउटरला मायक्रोटिकचा आरबी५००९ पुरे. साठ पीपीपीओई (घरटी एक लॉगिन) त्याला जड नाहीत. तो ऑफिसात ठेवा, सड्यावर नको.

खाडीवरचा केबलवाला

ताई, टॉवरवाले, अण्णा, तुम्हा तिघांना आमच्याकडचे हापूस नक्की.

आज आरसा करून आलो. पाइप नाही म्हणून सड्यावरच्या पाण्याच्या टाकीवर चढलो, उंची साधारण बारा मीटरच. भाचा दापोलीत गच्चीवर. वीस मिनिटं काही नाही, तो आरसा भलत्याच डोंगराला दाखवत होता. मग एकदम चमक आली, वेल्डिंगची ठिणगी दिसते तशी. मी टाकीवरून ओरडलो तर खाली गुरं बुजली.

पण दुर्बिणीतून बघितलं तर सड्यापासून चारेक किलोमीटरवरच्या डोंगराच्या धारेवर ऐनाची झाडं आहेत आणि शेंडे रेषेच्या जेमतेम दोन मीटर खाली. म्हणजे पाच मीटर कमी पडतात. दापोलीची गच्ची मजबूत आहे, तिथे पाइप पाच मीटर वाढवला तर भागेल ना?

टॉवरवाला_सांगली

नाही भागणार. अडथळा ज्या टोकाच्या जवळ, ते टोक उचलायचं. झाडं सड्यापासून ४ आणि दापोलीपासून ७ किमीवर. दापोलीत पाच मीटर चढवलेत तर झाडांपाशी रेषा पावणेदोन मीटरच उचलली जाईल. सड्यावर आठ मीटर चढवलेत तर पाच मीटर मिळतात. म्हणजे सड्याला २० मीटर.

त्या उंचीला साधा पाइप नको. तीन पायांचा लॅटिस मास्ट (जाळीचा मनोरा), तीन उंचींवर तणावे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ तुमच्या तालुक्याला झोडपून गेलंय, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. मास्ट चुलत्यांच्या घरापासून त्याच्या उंचीपेक्षा लांब उभा करा.

बॅटरीचा हिशोब: रेडिओ, स्विच आणि ओएलटी मिळून ५० वॅट धरा. १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, २४ व्होल्टला जोडून, ३६०० वॅटतास. निम्म्याच वापरायच्या, म्हणजे ३६ तास. तुमचा दीड दिवस बरोबर बसतो. ओएलटी डीसी इनपुटची मागा, इन्व्हर्टर मध्ये आला की बॅटरीचा काही भाग त्यातच जातो.

खाडीवरचा केबलवाला

मास्ट महाग पडेल, पण साठ रेडिओ वाचले. आकडे मांडले, तीन लाख ऐंशी हजारात बसतंय. गणपतीत चाकरमानी आले की घरटी चार फोन वाढतात, तेव्हा लिंक ८० मेगाहर्ट्झवर नेईन.

शेवटचा प्रश्न. सडा म्हणजे नुसता जांभा. पहार मारली तरी ठणठण वाजते. अर्थिंग घेऊ कुठे?

कुडाळची ओएलटी

सड्यावर खोल जायचा हट्ट धरू नका. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठाक असतो, खड्डा कितीही केलात तरी रीडिंग वाईटच येतं. जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी मास्टच्या पायापासून उताराने खाली न्या, जिथे माती लागते आणि ओल राहते तिथपर्यंत. तिथे दोन-तीन रॉड एकमेकांपासून लांब ठोका. मास्ट, पेटी, बॅटरीचा स्टँड, सगळं त्याच पट्टीला जोडा. घराचं अर्थिंग जवळ असेल तर तेही, दोन वेगळी ठेवू नका.

आणि रेडिओची केबल पेटीत वरून घालू नका, खालून घाला, आधी एक झोळ सोडून. पाणी झोळातून ठिबकतं. माझा पहिला स्विच विजेने नाही, पाण्याने गेला होता.