एका दुकानात चप्पल काढून या, दुसऱ्यात घालून या

गिरणीचा_भोंगा :
माझे वडील घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पायात काही घालत नाहीत. गिरणीत होते तेव्हापासूनचा नेम. कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर चालत जायचं, ४५ किलोमीटरच्या आसपास, तेही तसंच. मी बुटात चालूनही दोनदा अर्ध्यातून एसटीनं परत आलोय, ते असो.

काल भाच्याला दसऱ्याचा शर्ट घ्यायला होटगी रोडवरच्या एका नव्या शोरूमला गेलो. नाव सांगत नाही. दारात वॉचमन. वडिलांच्या पायाकडं बघून म्हणाला, "काका, चप्पल घालून या." नेम आहे म्हणून सांगितलं. "मला कळतंय ओ, आत साहेब ओरडतेत." वयानं तो वडिलांएवढाच. पायात कंपनीचे काळे बूट, आणि एका बुटाला लेसऐवजी सुतळी.

वडिलांनी वाद घातला नाही. पायरीवर बसले आणि मला म्हणाले, तू जाऊन ये. मी गेलो नाही. तिथनं थेट चाटी गल्ली, जुन्या कापडबाजारात. तिथल्या एका गादीवर बसून कपडे बघायच्या दुकानावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. वडील सरळ आत, मी मात्र उंबऱ्यावर लेस सोडत बसलो. दुकानदारानं वडिलांच्या काळ्या तळव्यांकडं बघितलं, मग आपल्या पांढऱ्या गादीकडं. एक जुना टॉवेल झटकून पसरला आणि म्हणाला, "बसा मालक."

धूळ तीच, पाय तेच. माझं म्हणणं एवढंच की शोरूमला पायाशी देणंघेणं नाही, पायावरनं ऐपत मोजायची असते. तुमचं काय मत?

काउंटरपलीकडचा :
मी आठ वर्षं अशाच एका शोरूममध्ये फ्लोअर बघतोय (तुम्ही गेलात ते नव्हे). ऐपतीचा विषय नाही. नव्या शर्टाच्या घडीत किती टाचण्या असतात माहितेय? ट्रायल रूममध्ये लोक त्या काढतात आणि जमिनीवर टाकतात. रात्री केर काढला की मूठभर निघतात. त्यात सरकता जिना. त्याच्या दातऱ्यात अनवाणी बोट गेलं तर काय होतं ते मी एकदा बघितलंय, परत बघायचं नाही. गिऱ्हाइकाला लागलं तर व्हिडिओ आमचा फिरतो.
तुमच्या वडिलांना आत खुर्ची देऊन माल तिथंच आणून दाखवायला पाहिजे होता, हे मात्र कबूल.

कडकभाकरी :
टाचण्या टोचतेत म्हणून आडवूलालेत व्हय बे? मग बनियनवर टॉवेल टाकून आलेल्याला का आडवतेत? बनियनला टाचणी टोचती का?

जुळे_सोलापूर :
थोडं कडू बोलतो. नेमाचं सोडा, तो वर्षाचे पंधरा दिवस. बाकी साडेअकरा महिने लोक काय करतात? बँकेत बर्मुडा. डॉक्टरकडं लुंगी अर्धी दुमडून. किराणा दुकानात गाऊनवर ओढणी. चार माणसांत जाताना नीट कपडे घालावेत हे त्या चार माणसांसाठी असतं, स्वतःच्या मिरवण्यासाठी नाही. राज्य सरकारला डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना सांगावं लागलं की कार्यालयात जीन्स-टीशर्ट नको, स्लिपर नको. हे परिपत्रकात सांगायची गोष्ट आहे का? माझे वडील नव्या पेठेत पाव किलो साखर आणायला जातानाही शर्ट खोचायचे.

तिखट_चटणी :
गाऊनवर आलातच, तर ऐका. सकाळी साडेसहाला दूध आणायला मी गाऊनवर ओढणी टाकूनच जाते. त्याच डेअरीवर आमच्या गल्लीतले एक काका कमरेला टॉवेल, वर काही नाही, पोटावर हात फिरवत उभे असतात. आजवर त्यांना कुणी शिस्त सांगितलेली नाही. मला मात्र तेच काका म्हणाले, "सूनबाई, बरं दिसतं का हे?"
मी गणवेश शिवायच्या युनिटमध्ये कॉलर बसवते. कुठल्या कुठल्या राज्यांतल्या शाळांचे गणवेश सोलापुरात शिवतात. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना एकसारखं करून आल्यावर घरी मला काय घालायचं ते तरी माझं मला ठरवू द्या.

जुळे_सोलापूर :
काकांचंही चुकतंच. मी कुठं त्यांची बाजू घेतली?

तिखट_चटणी :
घेतली नाही, पण यादीत बर्मुडा आला, लुंगी आली, गाऊन आला. टॉवेल राहिला.

ऑकलंडवरून_सोलापूरकर :
इथं न्यूझीलंडमध्ये सुपरमार्केटात अनवाणी माणसं सर्रास दिसतात. पोरं तर असतातच, ऑफिसातनं सुटलेला माणूसही बूट गाडीत टाकून दूध-ब्रेड घेऊन जातो. कुणी वळून बघत नाही. उलट अमेरिकेत कितीतरी दुकानांच्या दारावर पाटी असते, शर्ट नाही, बूट नाही, तर सेवा नाही. पुष्कळांना तो सरकारी आरोग्याचा नियम वाटतो. बहुतेक ठिकाणी तो दुकानदाराचा स्वतःचा असतो.
पण एक सांगतो, इथं रस्त्यावर मावा खाऊन थुंकत नाहीत. आणि मे महिन्यात ४३ डिग्रीला डांबर विरघळत नाही. सोलापुरात आलो की मीही चपलेतच असतो.

कडकभाकरी :
थुंकीचं खरंय. त्याला उत्तर नाही.

निळी_शाई :
भोंगा, तुमच्या वडिलांना अडवलं ते चूकच. पण धाग्याला अनवाणीपणाच्या कौतुकाचा वास यायला लागलाय म्हणून लिहितोय.
माझे आजोबा मोहोळ तालुक्यातले. गावातनं जाताना वाड्यापुढं चपला काढून हातात घ्यायला लागायच्या. वाडा मागं पडला की परत पायात. हे फार जुनं नाही, माझ्या वडिलांनी डोळ्यांनी बघितलंय. सोलापुरात राहायला आल्यावर आजोबा रोज सकाळी चपलेला पॉलिश करायचे. बुटाला नव्हे, चपलेला. दवाखान्यात शेवटचं नेलं तेव्हाही कॉटखाली चपला नीट जोडून ठेवायला लावल्या. आई आम्हाला अनवाणी दारात उतरू द्यायची नाही, उतरलो तर पाठीत धपाटा.
२०१५ साली अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती झाली. सार्वजनिक जागी दलित-आदिवासींना पादत्राणं किंवा नवे कपडे घालायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे, असं त्यात शब्दांत लिहावं लागलं. दुकानाचं दार सगळ्यांना उघडं असावं म्हणून घटनेच्या कलम १५ मध्ये 'दुकानं' हा शब्द मुद्दाम घातलाय, पण तो धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांसाठी. पायात काय आहे ते त्यात नाही. त्यामुळं तुमचा वॉचमन कायद्यानं बहुतेक सुटतो.
अनवाणी जायचा नेम करता येणं ही ज्याची चप्पल कुणी कधी काढायला लावली नाही त्याची चैन आहे. राग मानू नका.

गिरणीचा_भोंगा :
राग नाही. दोनदा वाचलं. वडिलांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, गिरणीत त्यांच्या खात्यात एक मुकादम होता, तो समोर आला की काही जण चपला काढायचे. कोण काढायचे ते मी विचारलं, तर गप्प बसले.

पंढरीची_वाट :
आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन जगभर अनवाणी फिरले. मुंबईच्या एका बड्या क्लबनं त्यांनाही दारातनं परत पाठवलं होतं. म्हणजे ऐपतीचाच प्रश्न असं नाही.

निळी_शाई :
त्यांना परत पाठवलं त्याची बातमी झाली. तुम्हाला ती इतक्या वर्षांनी आठवतेय. फरक तिथंच आहे.

काउंटरपलीकडचा :
ऐपतीवरनं आठवलं. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलनं धोतर नेसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आत सोडलं नाही आणि सरकारनं मॉल आठवडाभर बंद ठेवायला लावला. तेव्हा आमच्याकडं ताबडतोब सूचना आली, धोतर-लुगडं अडवू नका. पायाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. म्हणजे टाचण्यांची काळजी मी करतो, मालक बातमीची करतात. इतकं मागं घेतो.

जुळे_सोलापूर :
सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी शुभ्र बाराबंदी घालून निघालेली माणसं बघितली की ऊर भरून येतो की नाही? तो पोशाखाचा मानच आहे. मी तेवढंच म्हणतोय, प्रसंग बघून कपडे. तुळजापूरच्या देवळानं मे २०२३ मध्ये बर्मुडा-हाफपँटला बंदीचा फलक लावला आणि ओरड झाल्यावर त्याच दिवशी काढला. मला वाटतं काढायला नको होता.

कडकभाकरी :
बाराबंदी घालून त्या शोरूमला जाऊन बघा की एकदा. वॉचमन फोटो काढंल आधी.

सिस्टर_सिव्हिललाइन :
वॉर्डात असते म्हणून विचारते. भोंगा, वडिलांची शुगर कधी तपासली होती? साखरवाल्यांच्या पायाला संवेदना कमी होते, खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळल्यावर येतात. बाकी वाद चालू द्या, आधी ते बघा.

गिरणीचा_भोंगा :
सिस्टर, सकाळी नेलं होतं. उपाशीपोटी १९०. डॉक्टरांनी तळवे बघितले, उजव्या टाचेत बारीक काच निघाली. कधी घुसली ते वडिलांना माहीतच नाही. आता एक घाव जपायचाय. नेम मोडणार नाही म्हणतात, पण घरी येताना रिक्षात हळूच विचारलं, मोजे चालत असतील का? जाड, तळव्याला रबर लावलेले मिळतात म्हणे. देवीला मोजे चालतात का, कुणाला माहिती आहे?

कडकभाकरी :
देवीला चालतील की ओ. वॉचमनला विचारून घ्या.