वारशात आलेले सिमेंटचे शेअर : विकू की ठेवू?

राखेचा_शर्ट

बाबा सिमेंट कारखान्यात भट्टीवर होते, ३१ वर्षं. कंपनी बाजारात उतरली तेव्हा कामगारांच्या कोट्यातून थोडे शेअर मिळाले, ते त्यांनी कधी विकले नाहीत. ते गेले आणि शेअर माझ्या नावावर झाले. त्या पगारावर आणि लाभांशावरच मी शिकलो, त्यामुळे नाक मुरडायला मला तोंड नाही. पण दोरीवरचा शर्ट आधी बाहेर झटकायचा आणि मगच घरात आणायचा, ही सवयही तिथलीच. अजून जात नाही. बायको हसते.

परवा कंपनीचा शाश्वतता अहवाल आला. मुखपृष्ठावर ओंजळीत रोप. (ओंजळच का असते नेहमी?) आत ठळक अक्षरांत ‘प्रतिटन उत्सर्जनात सातत्याने घट’. लेक म्हणते, विकून टाका, असले पैसे नकोत. भाऊ म्हणतो, विकून एखाद्या ‘हरित’ फंडात घाल. मला एवढंच विचारायचंय : मी विकले म्हणून धूर कमी होतो का? आणि ठेवले तर मी त्या धुराचा धनी ठरतो का?

जुना_हिशेबनीस

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही. तुम्ही विकाल ते दुसरा कुणीतरी घेईल. कंपनीच्या तिजोरीत पैसा आला तो तिने शेअर पहिल्यांदा काढले तेव्हा. आताची देवघेव तुमच्यात आणि घेणाऱ्यात. फार मोठ्या संख्येने लोक बाहेर पडले तर भाव पडतो आणि पुढचं भांडवल कंपनीला महाग पडतं, हे खरं. पण त्याला मोठमोठे फंड लागतात, तुमच्या-माझ्यासारखे नव्हेत.

आता ते ‘प्रतिटन’. आयुष्यभर ताळेबंद वाचल्यामुळे असा शब्द दिसला की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. समजा प्रतिटन उत्सर्जन १० टक्के घटलं आणि उत्पादन २५ टक्के वाढलं. ०.९ गुणिले १.२५. एकूण धूर साडेबारा टक्क्यांनी वाढला, आणि अहवालातलं वाक्य तरीही अक्षरशः खरं! एकूण टनांचा तक्ता शोधा, बहुधा मागे परिशिष्टात असतो. त्याखालची बारीक टीपही वाचा : आधारवर्ष बदललंय का, मधल्या काळात एखादा जुना कारखाना विकलाय का. विकलेला कारखाना यांच्या तक्त्यातून जातो, पण नव्या मालकाकडे तीच भट्टी पेटलेली असते.

फंडातून_निवृत्त

भाऊरायांना सांगा, ‘हरित’ पाटीवर जाऊ नका. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने फोक्सवॅगनला वाहन उद्योगात पहिल्या नंबरावर ठेवलं होतं. त्याच महिन्यात बाहेर आलं, की यांच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी दाखवतं. ऑक्टोबरात नाव काढलं. वरातीमागून घोडं. २०२२ मध्ये एस अँड पीच्या ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) निर्देशांकातून टेस्ला बाहेर गेली आणि तेलवाली एक्सॉन आत राहिली, तेव्हाही बऱ्याच जणांनी डोकं खाजवलं.

यात लबाडीच असते असं नाही. अशा निर्देशांकांसाठी कंपन्यांना गुण देणारे बहुतेक करून विचारतात, की पर्यावरण, कामगार, कारभार यांच्यामुळे कंपनीच्या नफ्याला धोका किती? तुमची लेक विचारतेय, कंपनीमुळे जगाला धोका किती? प्रश्नच उलटा आहे. मी या धंद्यात होतो, आणि हा फरक मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली.

क्लिंकरवाला

मी स्वतः भट्टीवर काम केलंय, म्हणून राहवलं नाही. लोकांना वाटतं सगळा दोष कोळशाचा. सिमेंटमध्ये निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून येतच नाही, तो चुनखडीतून येतो. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू वर जातो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवलीत तरी हे ४४ किलो जाणारच. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के भरतो, तो यामुळे. त्यामुळे छतावरच्या सौर पॅनेलचा फोटो बघून हुरळू नका.

खरा आकडा एकच : सिमेंटमध्ये क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणारे खडे, किती टक्के. जितका कमी, तितकं बरं. त्याच्या जागी औष्णिक वीज केंद्रातली राख किंवा पोलाद कारखान्यातली धातुमळी (स्लॅग) घालतात. गंमत बघा, कोळशाची वीज केंद्रं बंद पडली की राखही आटणार. म्हणून आता भाजलेली चिकणमाती आणि दळलेली चुनखडी घालायची पद्धत पुढे येतेय. कंपनीला विचारायचंच तर हे विचारा, झाडं किती लावली ते नको.

सभेत_बोललेला

विचारा, नक्की विचारा. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन नावाच्या छोट्याशा फंडाने जेमतेम ०.०२ टक्के शेअरच्या जोरावर एक्सॉनच्या संचालक मंडळावर आपले तीन लोक निवडून आणले. अर्थात, मोठे पेन्शन फंड पाठीशी उभे राहिले म्हणूनच ते जमलं. आणि फार स्वप्नंही बघू नका : त्याच एक्सॉनने २०२३ मध्ये सुमारे ६० अब्ज डॉलरना आणखी एक तेल कंपनी घ्यायचं ठरवलं, आणि २०२४ मध्ये हवामानाचा ठराव मांडणाऱ्या भागधारकांवरच दावा लावला. त्यांनी ठराव मागे घेतला.

राखेचा_शर्ट

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला शेजारी बसवून अहवाल काढला. तो तक्ता परिशिष्टात सापडला, तीन वर्षांचा. एकूण टन तिन्ही वर्षं चढतेच आहेत. हिशेबनीस, तुमचं गणित तिनेच करून दाखवलं, माझ्याआधी. क्लिंकरचं प्रमाण मात्र कुठेच नाही. ‘कच्चा माल’ शोधला, ‘मिश्रण’ शोधलं, काही नाही. रोपांची संख्या चार ठिकाणी आहे.

तूर्तास विकत नाही. सर्वसाधारण सभा ऑनलाइन आहे, बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं, ते नोंदवलं. दोन प्रश्न लिहून काढलेत : क्लिंकर किती टक्के, आणि व्यवस्थापकीय संचालकांचा बोनस एकूण टनांवर ठरतो की प्रतिटनावर. दुसरा लेकीचा. तिला माझं न विकणं पटलेलं नाहीच, ‘तुम्हाला आजोबांची आठवण सोडवत नाही, एवढंच आहे’ म्हणाली. तेही असेल.

क्लिंकरवाला, एक विचारायचं राहिलं : सरासरी सांगून ते वेळ मारून नेतील का? प्रत्येक कारखान्याचं वेगळं मागायचं, की एकूण आकडा पुरे?