प्रतिसाद: मुखवटा गॅसवर धरू नका

शिवजयंतीच्या चित्ररथासाठी आणलेला मुलाचा प्लास्टिकचा मुखवटा नाकावर रुततो आणि कानशिलाला फाकतो, असं ताईंनी लिहिलंय. त्यावर एकांनी गॅसच्या आचेवर शेकायला सांगितलंय. कृपा करून तसं करू नका. बाजारातले पातळ मुखवटे बऱ्याचदा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो घसा आणि डोळे जाळतो.

पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडतं, म्हणजे कढत पाणी पुरतं. पण अख्खा मुखवटा बुडवू नका. असे मुखवटे प्लास्टिकचा सपाट पत्रा तापवून साच्यावर ओढलेले असतात, सगळीकडून तापले की पुन्हा सपाट व्हायला बघतात आणि नाकडोळे बसतात. फक्त कानशिलाची कड पाण्यात धरा, चिमट्याने. मऊ झाली की उलट्या तांब्यावर हलकेच वळवा आणि गार ओल्या फडक्याने दाबून कडक होईतो सोडू नका. गरम असताना मुलाच्या चेहऱ्यावर अजिबात बसवू नये.

मुखवटा कडक, ठिसूळ, पॉलिस्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकचा असेल तर तो १०० अंशांच्या आसपास नरमतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे अशा मुखवट्याला कढत पाणी पुरत नाही, हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) लागेल, वीतभर लांबून, सतत हलवत, खिडक्या उघड्या ठेवून.

नाकाला मात्र तापवूच नका. आतून फोमची पट्टी चिकटवा, रुतायचं थांबेल.